महाराष्ट्र दिन सोसायटीच्या अंगणात खेळत-खेळत कसा साजरा करावा?

घोडबंदरवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सोसायटीत राहतो. यंदा १ मे रोजीच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी समितीने माझ्यावर आणि माझ्या दोन मैत्रिणींवर सोपवली आहे, म्हणून हा प्रश्न विचारते आहे.

आमच्याकडे दरवर्षी ठरलेला क्रम असतो. सकाळी आठ वाजता ध्वजवंदन होते, राष्ट्रगीत आणि राज्यगीत होते, अध्यक्ष चार शब्द बोलतात, खाऊची पाकिटे वाटली जातात आणि नऊच्या आत सगळे आपापल्या घरी परततात. गेल्या वर्षी कार्यक्रम आटोपून वर जाताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारले, "आई, आज नेमकं काय होतं?" तो पाऊण तास खाली उभा होता, त्याने सगळे ऐकले होते, आणि तरीही त्याच्या हाती काही लागले नव्हते. त्याच्या जागी मी असते तर माझ्याही हाती काही लागले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटले. दहीहंडीचे, होळीचे किंवा संक्रांतीचे असे होत नाही, कारण त्या दिवशी मूल काहीतरी करत असते: चढत असते, रंगत असते, पतंग उडवत असते. महाराष्ट्र दिनी मात्र ते फक्त ऐकत असते.

म्हणून यंदा हा दिवस खेळांतून साजरा करावा, असे आम्ही ठरवले आहे. अडचणी अशा आहेत की त्या वेळी ऊन आणि दमट हवा दोन्ही कडाक्याची असतात. सुट्ट्यांमुळे बरीच कुटुंबे गावी गेलेली असतात. आणि जी साठेक घरे आहेत त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश घरांत मराठी बोलली जात नाही. गुजराती, मल्याळी आणि उत्तर प्रदेशातील कुटुंबे आमच्या मजल्यामजल्यावर आहेत, आणि ती या दिवशी पाहुण्यासारखी कडेला उभी राहतात, हे मला फार खटकते. जागा म्हणाल तर इमारतीखालचे वाहनतळ, एक लहान बाग आणि एक सभागृह एवढेच आहे. पैसेही बेताचेच आहेत. आपल्यापैकी कोणी असे काही केले असेल, तर कृपया सविस्तर सांगावे.

खडूफळा यांचे उत्तर

ताई, मी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवले. मुलांना इतिहास ऐकवण्यापेक्षा त्यांना त्या इतिहासात उभे करावे, हे मला नोकरीच्या अगदी पहिल्या वर्षांत उमगले आणि तेव्हापासून मी जिल्ह्यांचा एक खेळ घेत आलो. मी त्याला "लेकुरवाळे जिल्हे" असे नाव दिले होते. आपल्या वाहनतळात तो उत्तम होईल.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते आणि आज ३६ आहेत. म्हणजे मधल्या काळात दहा नव्या जिल्ह्यांचा जन्म झाला. आदल्या संध्याकाळी मोठ्या मुलांकडून फरशीवर खडूने महाराष्ट्राचा ढोबळ नकाशा काढून घ्या. तो हुबेहूब नसला तरी चालेल, पण पश्चिमेला समुद्र आणि त्याला समांतर सह्याद्री दिसलाच पाहिजे. सकाळी २६ मोठी माणसे गळ्यात जिल्ह्यांच्या पाट्या अडकवून नकाशावर आपापल्या जागी उभी राहतील आणि दहा लहान मुले त्यांतील काहींच्या पाठीमागे दडून बसतील. मग सूत्रधार मोठ्याने वर्ष पुकारतो. "१९८१!" म्हणताच रत्नागिरीच्या पाठीमागून सिंधुदुर्ग आणि त्या वेळच्या औरंगाबादच्या पाठीमागून जालना उडी मारून बाहेर येतात. "१९८२!" म्हटले की त्या वेळच्या उस्मानाबादमागून लातूर आणि चंद्रपूरमागून गडचिरोली. १९९० मध्ये बृहन्मुंबईतून मुंबई उपनगर निघते, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया आणि परभणीतून हिंगोली. शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्या ठाण्यातून पालघर बाहेर पडतो. ठाण्याच्या पाठीमागे कोणी बसायचे, यावरून मुलांमध्ये दरवर्षी हट्ट होतो, तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

या खेळातली एक गंमत मुलांना फार आवडते. या दहांपैकी सिंधुदुर्ग, जालना, गोंदिया आणि हिंगोली हे चार जिल्हे १ मे या तारखेलाच जन्मले आहेत, त्यामुळे त्या चार मुलांना त्या दिवशी वाढदिवसाचे औक्षण करावे. ज्या मुलीला मी एका वर्षी हिंगोली म्हणून ओवाळले होते, ती आता स्वतः आई झाली आहे आणि अजूनही भेटली की "गुरुजी, मी हिंगोली" अशी ओळख सांगते.

जन्म आटोपले की दुसरा टप्पा सुरू होतो. हलगी किंवा डफ वाजू लागला की सर्व ३६ जण नकाशा सोडून मोकळे फिरतात, आणि वाद्य थांबताच प्रत्येकाने आपल्या खऱ्या शेजारी जिल्ह्याचा हात धरायचा असतो. ज्याचा हात चुकला त्याने पुढच्या फेरीत वाद्य वाजवायचे, म्हणजे बाद झाल्याचे दुःख राहत नाही. आपल्याकडील पाहुणे मंडळी नवी मुंबईची असतील तर त्यांना एक प्रश्न हमखास अडकवतो: वाशी आणि नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर रायगड जिल्ह्यात आहे. खारघरचे पाहुणे पुष्कळदा ठाण्याच्या पाटीशी जाऊन उभे राहतात. माणसे कमी पडली तर एकाने दोन पाट्या घ्याव्यात. जिल्हे मात्र गाळू नयेत, कारण आपला गाव गळाला की माणूस हिरमुसतो.

भाषेची अडचण मला फारशी वाटत नाही. "शिवाजी म्हणतो" हा आपला जुना खेळ त्यासाठीच जणू केला आहे. "शिवाजी म्हणतो, खाली वाका", "शिवाजी म्हणतो, उजवा कान धरा" असे पुकारत गेले की मराठी न येणारा माणूस शेजाऱ्याकडे पाहत-पाहत वीस मिनिटांत पंधरा क्रियापदे शिकतो, आणि नुसते "उड्या मारा" म्हटल्यावर उडी मारून बाद होणाऱ्यांत अस्सल मराठी माणसेच जास्त असतात. त्यानंतर "चटईला टाचणी टोचली" आणि "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" ही वाक्ये भरभर म्हणण्याची स्पर्धा घ्यावी. जिभेची बोबडी सगळ्यांचीच सारखी वळते, त्यामुळे तिथे कोणी परका उरत नाही.

उन्हाबद्दल मात्र अतिशय काळजीने सांगतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, हे आपल्या भागातील कोणीही विसरू नये. धावण्याचे खेळ सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच ठेवा. मधला वेळ सभागृहातील बैठ्या खेळांना द्या. प्रत्येक खेळानंतर पाण्याची सुट्टी सक्तीची असावी आणि पाण्याच्या पिंपाजवळ एका जाणत्या माणसाने दिवसभर बसावे. पन्हे, कोकम सरबत आणि ताक असले की बाटलीबंद पेयांची गरज पडत नाही.

रोहितपंखी यांचे उत्तर

खडूफळा सरांचा जिल्ह्यांचा खेळ वाचून मी तो आमच्या ऐरोलीत करून पाहण्याचे ठरवले आहे. मला त्याला निसर्गाची जोड सुचवावीशी वाटते, कारण १ मे हा दिवस या दृष्टीने फार भाग्याचा आहे.

आपले राज्यफूल ताम्हण नेमके याच दिवसांत फुलते. जांभळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्यांचे तुरे ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्यांच्या कडेला किती तरी ठिकाणी दिसतात, पण त्याखालून रोज जाणाऱ्या माणसाला आपण राज्यफुलाखालून जात आहोत, याची कल्पना नसते. म्हणून आम्ही दोन वर्षांपासून महाराष्ट्र दिनाच्या आधीच्या आठवड्यात "ताम्हण शोधा" हा खेळ ठेवतो. प्रत्येक घराने आपल्या चालण्याच्या वाटेवरचे फुललेले झाड शोधायचे, त्याचे छायाचित्र काढायचे आणि सोसायटीच्या फलकावरील हाती काढलेल्या नकाशात तिथे जांभळा ठिपका द्यायचा. फुले तोडण्यास सक्त मनाई असते. जमिनीवर पडलेल्या पाकळ्या मात्र गोळा करता येतात आणि १ मेच्या सकाळी त्याच रांगोळीत भरल्या जातात. पहिल्या वर्षी फलकावर चार ठिपके होते आणि गेल्या वर्षी तेवीस झाले. झाडे तेवढीच होती, पाहणारे डोळे वाढले होते.

राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यफुलपाखरू नीलवंत यांची दमशेराजसारखी मूक अभिनयाची फेरी लहान मुलांना खूप आवडते. शेकरू म्हणजे झाडावरून झाडावर झेप घेणारी, झुपकेदार शेपटीची मोठी खार, तेव्हा ते काम अंगात चपळाई असलेल्या मुलालाच द्यावे. मोठ्यांसाठी थोडा कठीण प्रश्न राखून ठेवता येतो: आपल्या राज्याला २०२० पासून राज्य कांदळवन वृक्षही आहे. पांढरी चिप्पी हे त्याचे नाव असून ती आपल्या खाडीच्या काठाने उभी आहे.

ठाणे खाडीतील रोहित पक्षी मे महिन्याच्या सुरुवातीला सहसा अजून इथेच असतात. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी मिळते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर अवलंबून असते, त्यामुळे आधी चौकशी करून जावे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी अंगणातच "रोहित उभा" नावाची शर्यत ठेवा. रोहित एका पायावर तासन्‌तास उभा राहतो. आपले मूल लंगडीत एका पायावर पळते. तेव्हा आधी स्थिर उभे राहण्याची स्पर्धा आणि तिच्यात टिकलेल्यांची लगेच लंगडी, असा जोडखेळ फार रंगतो. आमच्याकडे गेल्या वर्षी ही स्पर्धा योगासने करणाऱ्या एका आजींनी जिंकली.

एक विनंती आहे. कृपया पाण्याचे फुगे किंवा पाण्याची उधळण ठेवू नका. मे महिन्यात धरणांतील साठा खाली गेलेला असतो आणि आपल्याच जिल्ह्यातील कित्येक पाड्यांवर बायका हंडा घेऊन मैल-मैल चालत असतात. त्याऐवजी ओंजळीतून पाणी पुढच्याच्या ओंजळीत देत रांगेच्या शेवटी असलेल्या रोपापर्यंत पोहोचवण्याची शर्यत घ्या. ज्या रांगेच्या रोपाला जास्त पाणी मिळाले, ती रांग जिंकली.

खाडीकाठ यांचे उत्तर

मी बेलापूर पट्टीतील एका जुन्या गावचा आगरी आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि आमच्या ९५ गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. ताई, आपण घोडबंदरला राहता, तिथेही जवळपास आगरी, कोळी आणि आदिवासी वस्त्या आहेतच. महाराष्ट्र दिनाला महाराष्ट्र शोधायचा असेल तर तो आपल्या कुंपणापलीकडेच आहे, एवढे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. एखाद्या गावातील धवलारणीला बोलवा. लग्नात धवले गाणारी ही आमची बाई असते, आणि तिने दोन धवले म्हणून त्यांचा अर्थ सांगितला की मुले गुंग होऊन ऐकतात. तिला मानधन आणि साडीचोळी द्यावी. फुकट बोलावू नये.

खाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या सोसायटीत महाराष्ट्र दिनाला अंगतपंगत असते. प्रत्येक घराने आपल्या मूळ मुलखातला एकच पदार्थ आणायचा, बाजारातून विकत आणायचा नाही, आणि त्याच्यापुढे चिठ्ठी न ठेवता तो मांडायचा. जेवणाऱ्यांनी पदार्थ चाखून मुलूख ओळखायचा असतो. खान्देशातील शेवभाजी आणि वांग्याचे भरीत लगेच ओळखू येते, विदर्भातील सांभारवडी आणि गोळाभात इकडच्या माणसांना चकवतो, मराठवाड्यातील धपाटे थालीपीठ म्हणून खपतात आणि त्यावरून गोड वाद होतो, कोकणातील सोलकढी तर आधी संपते. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी नेतो; शाकाहारी मंडळींसाठी पंगत वेगळी मांडली की कोणालाच संकोच होत नाही. काही जण उत्साहाने पोपटी करू म्हणतात, पण पोपटी हा थंडीतला, वालाच्या ताज्या शेंगांच्या हंगामातला प्रकार आहे, मे महिन्यात तिला चव नाही. मे महिन्याचे वैभव म्हणजे रानमेवा आहे. करवंदे, जांभळे, ताडगोळे, जाम, कैरी आणि चिंच पानावर मांडून डोळे बांधलेल्या माणसाला चव ओळखायला लावा. शहरात वाढलेल्या मुलांनी करवंद कधी चाखलेलेच नसते, आणि त्याचा चीक ओठांना लागल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. हा मेवा टोपलीतून विकायला बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून, घासाघीस न करता घ्यावा.

शेजारधर्म यांचे उत्तर

मी वाशीला राहतो आणि आमच्या मजल्यावर दोन गुजराती कुटुंबे आहेत. घोडबंदरवासी यांनी शेजारी कडेला उभे राहतात असे लिहिले आहे, त्यावर साधा उपाय आहे: १ मे १९६० हा गुजरातचाही स्थापना दिवस आहे. जुन्या द्विभाषिक मुंबई राज्यातून दोन्ही राज्ये एकाच दिवशी निर्माण झाली, यशवंतराव चव्हाण इकडचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि जीवराज मेहता तिकडचे. म्हणजे ती आपली जुळी भावंडे आहेत, आणि जुळ्यांचा वाढदिवस वेगवेगळा साजरा करण्याचे काही कारण नाही. आमच्याकडे त्या दिवशी लगोरीचे दोन संघ पडतात. एकीकडे महाराष्ट्र आणि दुसरीकडे गुजरात असे नावाला असते; प्रत्यक्षात गुजराती मुले महाराष्ट्राकडून आणि मराठी मुले गुजरातकडून खेळतात. सात चपट्या दगडांची लगोरी रचताना कोण कुठला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडून छास येते, आमच्याकडून पन्हे जाते.

उखाण्यांचा फेरही जरूर ठेवा. अमराठी जोडप्यांना उखाणा आधी लिहून द्यावा आणि अर्थ समजावून सांगावा. आमच्या मल्याळी शेजारणीने गेल्या वर्षी घेतलेला उखाणा मीच करून दिला होता: "ठाण्याच्या खाडीवर रोहितांचे थवे, रावांचे नाव घेते, शेजारी मिळाले नवे." त्यांनी तो तीन दिवस पाठ केला होता आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या यजमानांनी पुन्हा एकदा म्हणायला लावला.

याच दिवशी आंतरराष्ट्रीय कामगार दिनही असतो, हे कृपया विसरू नका. आपल्या सोसायटीचे रखवालदार, सफाई करणाऱ्या ताई, माळीदादा आणि घरकाम करणाऱ्या मावशी या दिवशी खुर्च्या लावताना किंवा उष्टी ताटे उचलताना दिसता कामा नयेत. खुर्च्या रहिवाशांनी लावाव्यात, पंगतीत त्यांना आग्रहाने बसवून रहिवाशांनी वाढावे, आणि दाराशी पहारा देण्याची पाळी तासातासाने घरातील कर्त्या माणसांनी घ्यावी. त्यांना खेळात घेतलेत तर आणखी उत्तम. आमचे रखवालदार मूळचे यवतमाळचे आहेत, आणि विटी-दांडूत त्यांच्यापुढे कोणाचाही टिकाव लागत नाही.

घोडबंदरवासी यांचा प्रतिसाद

आपण सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभार मानते. रखवालदारांचा मुद्दा वाचून मला खंत वाटली, कारण आमच्याकडे नेमक्या त्याच खुर्च्या तेच लावतात. यंदा तसे होणार नाही.

एक शंका उरते. दिवसभर इतकी हसण्याखेळण्याची धमाल केली तर हे राज्य ज्यांच्या बलिदानाने मिळाले त्यांच्या स्मृतीचे काय, असे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले आहे. शिवाय सजावटीसाठी छोट्या तिरंग्यांच्या माळा लावाव्यात, असेही काहींचे म्हणणे आहे. यावर जाणत्यांनी सांगावे.

टेंभीनाक्याची आजी यांचे उत्तर

मुली, माळांचे आधी सांगते. राष्ट्रध्वज सजावटीसाठी वापरायचा नसतो, तो जमिनीला किंवा पाण्याला लागू द्यायचा नसतो, आणि माळेतले कागदी झेंडे संध्याकाळी कुठे जातात हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. ध्वज एकच, मानाने, उंच फडकवावा. सजावटीला आंब्याच्या डहाळ्यांची तोरणे लावावीत. तो आपला राज्यवृक्षच आहे. मुलांना गेरू आणि तांदळाचे पीठ देऊन भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर वारली चित्रे काढू द्यावीत. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे त्यांना सहज जमतात, आणि तो फेर मग अंगणात सगळ्यांनी मिळून धरता येतो.

आता तुझ्या समितीतील गृहस्थांच्या शंकेविषयी. १ मे १९६० रोजी मी नऊ वर्षांची होते, म्हणजे तुझ्या मुलाएवढी. आमच्या आळीत घराघराच्या उंबरठ्यावर पणत्या लागल्या होत्या, माझ्या वडिलांनी साखर वाटली होती, आणि आम्ही मुले रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर खेळत होतो. आम्हाला कोणी ओरडले नाही. त्याआधीची पाच वर्षे मात्र मी वडिलांचा चेहरा काळजीने ओढलेला पाहिला होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, तेव्हा ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होते आणि रात्री फार उशिरा घरी आले. तिथेच आज हुतात्मा चौक आहे. शंभराहून अधिक माणसे त्या लढ्यात गेली. त्यांच्यासाठी ध्वजवंदनाच्या वेळी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, एका मुलाने एक पणती लावावी, आणि ती पणती दिवसभर तेल घालून तेवती ठेवण्याचे काम मुलांनी पाळीपाळीने करावे. खेळ चालू असतानाही "आता माझी पाळी" म्हणून एखादे मूल मधूनच उठून तेल घालायला जाते. ते मूल त्या माणसांना विसरलेले नसते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तरी नुसत्या भाषणांवर कुठे चालली होती? अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांनी डफावर थाप मारली की मैदानातली हजारो माणसे त्यांच्यामागून गाऊ लागत. आचार्य अत्र्यांच्या सभेत लोक हसून-हसून लोटपोट होत आणि तीच माणसे दुसऱ्या दिवशी मोर्चात पुढे असत. हसण्याने लढ्याचा अवमान होतो, असे त्या पिढीला कधीही वाटले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की संध्याकाळी पोवाड्याचा खेळ ठेवा. जुने पोवाडे पाठ करून म्हणू नका; तुमच्या सोसायटीचाच पोवाडा रचा. आठवडाभर आधी मुलांनी वही घेऊन घरोघरी जावे आणि प्रत्येक घरातील सर्वांत वयस्क माणसाला तीनच प्रश्न विचारावेत: आपण कुठून आलात, कोणत्या साली आलात, आणि येताना सोबत काय आणलेत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे अशी येतात की ऐकतच राहावे. कोणी पितळी कळशी आणलेली असते, कोणी शिवणयंत्र, कोणी नुसता एका ओळखीच्या माणसाचा पत्ता. केरळातून आणि काठियावाडातून आलेल्यांनाही हेच विचारावे, कारण त्यांच्याही पायांनी हे शहर वसले आहे. मग एकाने शाहीर व्हायचे, चौघांनी मागून सूर धरणारे झीलकरी व्हायचे, आणि प्रत्येक घराला एक कडवे मिळाले पाहिजे. आम्ही आमच्या नातवंडांबरोबर केला त्याची सुरुवात अशी होती:

कोणी आले साताऱ्याहून, कोणी चांद्याहून,
कोणी आले खाडीकाठच्या होडीत बसून,
एका जिन्यावरती बारा गावे नांदवून,
ठाण्यामध्ये बिऱ्हाड केले, ऐका कान देऊन, हो जी जी र जी!

वृत्त थोडे चुकले तरी बिघडत नाही. "जी जी र जी" मात्र सगळ्यांनी एकदम आणि मोठ्याने म्हणावे. डफ नसेल तर पत्र्याचा डबा चालतो. आणि अगदी धाकट्या मुलांना पोवाड्यात बसवत नाही, त्यांना आगगाडी करायला लावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून देशातील पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यात आली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने आणि चौदा डबे होते. तीन मोठी मुले इंजिने होतात, चौदा लहानगी डबे होतात, आणि पोवाड्यात ठाण्याचे नाव आले की ही गाडी शिट्टी घालत रिंगणात शिरते. एवढे केले की ती मुले आनंदात राहतात आणि पोवाडा मध्येच अडवत नाहीत.

घोडबंदरवासी यांचा प्रतिसाद

आजी, आपले उत्तर मी काल रात्री समितीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवले. शंका विचारणाऱ्या काकांनी स्वतःहून पणतीची जबाबदारी घेतली आहे आणि तेलाची पाळी ठरवण्यासाठी ते मुलांची यादी करत आहेत. सकाळी सव्वासातला ध्वजवंदन, मग "लेकुरवाळे जिल्हे" आणि लंगडी, दुपारी अंगतपंगत आणि बैठे खेळ, संध्याकाळी लगोरी आणि पोवाडा असे ठरले आहे. मुलांची वही कालपासून फिरू लागली. तिसऱ्या मजल्यावरील मल्याळी आजोबांनी १९७२ साली येताना सोबत फणसाच्या बिया आणल्या होत्या, असे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हते.

आता एकच गोष्ट अडली आहे. विटी-दांडू कुठे मिळेल? खेळण्यांच्या दुकानात विचारले तर प्लॅस्टिकचा दाखवला.

खडूफळा यांचे उत्तर

प्लॅस्टिकचा घेऊ नका, त्याची विटी उसळतच नाही. कोणत्याही सुताराकडे बाभळीचा तुकडा असतो; दांडू हातभर आणि विटी वितीपेक्षा थोडी कमी, दोन्ही टोकांना निमुळती तासून मागा. विटी डोळ्याला लागण्याची भीती असते, म्हणून हा खेळ वाहनतळात न खेळता मोकळ्या मैदानातच, पाहणाऱ्यांना दूर उभे करून खेळावा. माझ्याकडे शाळेतले चार जुने संच आहेत. मी वर्तकनगरला राहतो. रविवारी सकाळी मुलांना घेऊन या, म्हणजे वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजायचे कसे, तेही शिकवून पाठवीन. आणि आजींच्या पोवाड्यासाठी एक झीलकरी कमी पडत असेल, तर माझा आवाज अजून बरा लागतो.